सॉफ्टवेअर बदललं की साउंड बदलतो?

दोन दोस्त, एक बँड आणि महिनाभराचा अबोला. कारण? गाणं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करायचं!

सोमवार ते शुक्रवार हिंजवडी, शनिवार-रविवार बँड. माझ्या दोन मित्रांचं गेली चार वर्षं हेच रुटीन. दोघांची मिक्सिंगची सॉफ्टवेअर्स मात्र वेगळी. (नावं मुद्दामच देत नाही, उगाच फॅन क्लबांची मारामारी नको.) पहिल्याने गाणं मिक्स केलं. दुसऱ्याने तेच ट्रॅक आपल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले, फेडर अगदी तिथेच ठेवले आणि जाहीर केलं, ‘‘तुझं सॉफ्टवेअर पातळ वाजतं रे.’’ झालं! पहिल्याला ते इतकं लागलं, की अख्खा बोनस नवीन सॉफ्टवेअर आणि नवीन मशीनवर उडवायची तयारी सुरू झाली. फोन बंद, प्रॅक्टिसही बंद.

शेवटी एका रविवारी चहा-पोह्यांची लाच देऊन दोघांना एकत्र बसवलं. म्हटलं, वाद घालण्यापेक्षा टेस्टच करू.

मुळात मिक्सिंग म्हणजे काय? कम्प्युटरसाठी आवाज म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाला एका चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० आकडे. फेडर हलवला की गुणाकार, ट्रॅक एकत्र केले की बेरीज. आणि दोन अधिक दोन पुण्यात चार असतील तर मुंबईतही चारच! पूर्वी प्रोटूल्सची मोठी सिस्टीम वेगळ्या कार्डांवर ४८ बिट फिक्स्ड पॉइंट गणितावर चालायची, तर इतर सॉफ्टवेअर्स फ्लोटिंग पॉइंटवर. त्यामुळे ‘कुणाचं इंजिन भारी’ हा वाद तेव्हा रंगायचा. आज मात्र जवळपास सगळेच ३२ किंवा ६४ बिट फ्लोटिंग पॉइंट वापरतात. त्यातली चूक इतकी बारीक, की कानाला तिचा पत्ताही लागत नाही.

टेस्ट सोपी आहे. सगळे इफेक्ट्स बंद करायचे, दोन्हीकडून मिक्स एक्स्पोर्ट करायचा, एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही फाइल्स आणायच्या आणि एकीची पोलॅरिटी उलटी करायची. म्हणजे एकीत लाटेचा चढ, तिथे दुसरीत उतार. दोन्ही सारख्या असतील तर पाच वजा पाच, शून्य. पूर्ण शांतता. याला ‘नल टेस्ट’ म्हणतात.

प्ले दाबलं... आणि गाणं ऐकू आलं की! दुसऱ्याने टाळीसाठी हात पुढेही केला.

पण एक मिनिट. ऐकू येत होता तो फक्त गायकाचा आवाज, बेस आणि किक ड्रम. टोकाला डावी-उजवीकडे ठेवलेली गिटार्स गायब. म्हणजे फरक होता तो फक्त मधोमध ठेवलेल्या गोष्टींत. चोर सापडला! त्याचं नाव ‘पॅन लॉ’. मधला आवाज दोन्ही स्पीकर्समधून येतो, म्हणून जास्त मोठा वाटतो. तो किती कमी करायचा, याचं बऱ्याच सॉफ्टवेअर्समध्ये एक सेटिंग असतं. पहिल्याकडे ते मायनस ३ डेसिबल होतं, दुसऱ्याकडे शून्य. दुसऱ्याचा आवाज ‘भरीव’ नव्हता, ३ डेसिबलने मोठा होता. बस्स. आणि मोठा आवाज कानाला नेहमीच गोड वाटतो. आवाज वाढला की आपल्याला बेस जास्त ऐकू येतो, हे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय.

सेटिंग सारखं केलं, पुन्हा एक्स्पोर्ट, पुन्हा प्ले. या वेळी फक्त पंख्याची घरघर.

मग सॉफ्टवेअर सगळी सारखीच? तसंही नाही. प्रत्येकासोबत मिळणारे इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब वेगळे. गाण्याचा वेग ताणला की प्रत्येकाचं गणित वेगळं. हॅरिसन मिक्सबस तर मुद्दामच जुन्या कन्सोलसारखा रंग चढवतं. आणि हात कशावर झरझर चालतो, हेही महत्त्वाचंच. पण बिली आयलिशचा २०१९ चा अल्बम तिच्या भावाच्या बेडरूममध्ये लॉजिक प्रोवर तयार झाला आणि २०२० मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी घेऊन आला. ग्रॅमी गाण्यांना मिळालं, सॉफ्टवेअरला नाही.

बोनस वाचला. त्यातल्या थोड्या पैशांत भिंतींवर आवाज शोषणारे पॅनेल्स लागले आणि खोलीतला घुमणारा बेस आटोक्यात आला. हा फरक मात्र डोळे मिटूनही कळतो. सध्या दोघं पुन्हा भांडतायत, दुसऱ्या अंतऱ्यात बासरी हवी की नको यावरून. चालेल! निदान हे भांडण गाण्याबद्दल तरी आहे.

पाकीट उघडण्याआधी...
• दोन्ही मिक्सची लेव्हल सारखी करा, मगच तुलना करा.
• कुठला मिक्स कुठला, हे न बघता ऐका. प्ले मित्राला करू द्या.
• पॅन लॉ आणि सॅम्पल रेट दोन्हीकडे तपासा.
• तरी फरक वाटतोय? नल टेस्ट करा.