माळ्यावरचा ट्रक

गेल्या हन्नुकाच्या सुटीत आमच्या लोद येथील घराचा पोटमाळा, ज्यास येथे सर्व जण ‘बोइदेम’ म्हणतात, रिकामा करण्याचे काम आमच्या वाट्यास आले. मुंबईहून येताना आणलेली पत्र्याची ट्रंक, दोन मोडके पंखे आणि जुन्या गाद्या यांच्या मागे एक लांबट खोका निघाला. झाकणावर मॅक ट्रकचे चित्र. आमचा नातू शिडी धरून खाली उभा होता. त्याने विचारले, “सबा, हे खेळणे कोणाचे?”

खेळणे! आम्ही उत्तर दिले नाही. तो खोका आम्हीच १९८६ साली तेथे ठेवला होता, आणि तो पुन्हा उघडावयाचा नाही असे ठरवूनच ठेवला होता.

ज्या वाचकांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. खऱ्या ट्रकचे मोजमाप घेऊन त्याच्या प्रत्येक भागाची लहान प्लॅस्टिक प्रतिकृती करतात. हे सुटे भाग चौकटींना जोडलेल्या स्थितीत खोक्यात मिळतात. ते कापावयाचे, घासावयाचे, रंगवावयाचे आणि जोडावयाचे. काही कंपन्या १:२४ हे माप वापरतात, म्हणजे एका फुटास अर्धा इंच. आमचा संच एएमटी या अमेरिकन कंपनीचा. मोटारविक्रेत्यांकरिता १:२५ या मापात छोट्या गाड्या काढता काढता तिने तेच माप कायम केले. त्यामुळे सहा मीटरचा ट्रक टेबलावर चोवीस सेंटिमीटरचा होतो. त्यात इंजिन, गिअरपेटी, ॲक्सल, बसण्याची जागा सर्व काही असते.

आमची ही ओढ माझगावातली. आगपेट्यांचे ट्रक आणि त्यांना सोडावॉटरच्या बाटल्यांच्या झाकणांची चाके, हे आम्ही आणि आमचे थोरले बंधू, दादा, दोघांनी मिळून पुष्कळ केले. जमशेदपूरला १९५४ पासून तयार होऊ लागलेले टाटा-मर्सिडीज ट्रक गोदीच्या रस्त्याने जात, ते पाहण्यास आम्ही तासन्तास उभे राहत असू. दादा पुढे त्याच ट्रकांवर चालक झाले. १९७० साली आम्ही दोघे येथे आलो. आम्हांस लोदमध्ये फिटरचे काम मिळाले, दादा दिमोनास गेले आणि मृत समुद्राकाठच्या सदोमहून पोटॅश वाहून नेऊ लागले. समुद्रसपाटीखाली सुमारे चारशे मीटरवरून दिमोनापर्यंत चढायचे, तेही भरलेल्या गाडीने. त्यांच्या ताब्यातील गाडी मॅक कंपनीची होती. त्या चढावर ती कशी वागते याचे वर्णन ते एखाद्या घोड्याचे करावे तसे करीत.

१९७९ साली अमेरिकेतील एका नातलगाने हा संच आणून दिला. तेव्हापासून महिन्यातून एखादा शब्बाथ दादा आमच्याकडे करीत आणि शनिवारी रात्री, शब्बाथ संपल्यावर, आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसत असू. काम अतिशय मंद चाले, कारण दादांना प्रत्येक भागाबद्दल तक्रार असे. सूचनांचा कागद इंग्रजी. त्याच्या समासात त्यांनी पेन्सिलीने मराठीत दुरुस्त्या लिहिल्या होत्या. “उजवा आरसा थोडा वाकडा.” “धूळ पांढरी लावणे, तांबडी नव्हे.” आणि “कुत्रा सोनेरी.” मॅक ट्रकच्या बॉनेटवर बुलडॉग असतो. कंपनीचे मुख्य अभियंता आल्फ्रेड मॅसुरी यांनी १९३२ साली रुग्णालयात पडून असताना तो कोरला होता. संचातील कुत्रा रुपेरी मुलाम्याचा. पण ज्या गाडीचे इंजिन, गिअर आणि ॲक्सल सर्व मॅकचेच, तिचा कुत्रा सोनेरी, हे दादांना ठाऊक होते.

इंजिन चेसिसवर बसविण्याच्या आकृतीपाशी एवढेच लिहिले होते: “येथे थांबणे. मी आल्यावर.”

१९८६ च्या पेसाहापूर्वी हृदयविकाराने दादा गेले. शिवा संपल्यावर आम्ही खोका बंद केला.

आता तो उघडला तेव्हा आत नुकसान बरेच होते. इतरांच्याही बोइदेममध्ये असे खोके असतील म्हणून ते सविस्तर सांगतो. संचातील टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यास मऊ राखणारे द्रव्य वर्षानुवर्षे पाझरते आणि ज्या कठीण प्लॅस्टिकला ते टेकलेले असेल ते विरघळविते. आमचे दोन टायर पुढच्या काचेवर पडून होते. काचेत त्यांची नक्षी खोल उमटली होती. तेव्हा टायर प्रथम वेगळ्या पिशवीत ठेवावेत. येथील उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो, त्याने चेसिसही पिळवटली होती. ती गरम पाण्यात धरून, काचेच्या तावदानावर वजनाखाली ठेवून बरीचशी सरळ केली. चिकटवावयाची चित्रे पिवळी पडली होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला लावली. तीन आठवड्यांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरला. जुनी चित्रे पाण्यात फुटतात, म्हणून आधी त्यांवर पारदर्शक रोगण फवारले. रंगांचे डबे मात्र दगड झाले होते. आता पाण्यात मिसळणारे रंग मिळतात, त्यांना वास नाही. खरे सांगायचे तर तो वास नाही याची आम्हांस चुकचुक लागली.

आमच्या मुलाने सुचविले की, हाच संच कंपनीने पुन्हा काढला आहे, नवा मागवावा. सूचना शहाणपणाची होती. नव्या संचातील काच आणि टायर आम्ही घेतलेही. पण चेसिस जुनीच ठेवली. तिच्या डाव्या बाजूस ओल्या सिमेंटवर एक अंगठा उमटला आहे. तो दादांचा की आमचा, हे सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यात आमचा हात इतका कापत होता की एक आरसा तीनदा खाली पडला. फिटरकीत आयुष्य घालविलेल्या माणसास हे लाजिरवाणे वाटते. मग नातू चिमटा धरू लागला आणि आम्ही कपाळावरचे भिंग लावून सिमेंटचा कुंचला टेकवू लागलो. पातळ सिमेंट फटीत आपोआप ओढले जाते, तेव्हा हात क्षणभर स्थिर राहिला तरी पुरते.

त्यास मराठी वाचता येत नाही. समासातील एकेक ओळ आम्ही हिब्रूत सांगत गेलो. पांढऱ्या धुळीवर तो हसला. कोकणातली माती तांबडी असते हे त्यास प्रथमच कळले. इंजिनाच्या आकृतीपाशी त्याने बोट ठेवून विचारले, “येथे काय लिहिले आहे?” आम्ही जे होते तेच सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग आता?”

त्या रात्री आम्ही इंजिन बसविले नाही. पुढच्या शनिवारी, शब्बाथ संपल्यावर, वहिनींना दिमोनाहून बोलाविले. त्या नव्वदीच्या जवळ आहेत, डोळ्यांना कमी दिसते. इंजिन त्यांनी हातात धरले, उलटसुलट चाचपले आणि विचारले, “एवढेसेच का?” मग नातवाने ते चेसिसवर ठेवले.

बॉनेट चिकटविलेले नाही, उघडता येते. कुत्रा सोनेरी आहे. उजव्या बाजूचे मागचे एक चाक अजून काचेला टेकत नाही. नातू म्हणतो तसेच राहू द्या. आमचा विचार पेसाहाच्या सुटीत तेवढे ॲक्सल सोडवून पुन्हा बसविण्याचा आहे.