दुपारची झोप हुकली की लग्नात रडारड अन् समुद्रावर पण रडारड. लहान मुलाला घेऊन बाहेर पडताना वेळ कशी जुळवायची?

मांडवी (रत्नागिरी) : संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गर्दीत दोन तऱ्हेची लहान मुलं दिसतात. एक काळ्या वाळूत बसून हाताला येईल ते उकरत असतं. दुसरं भेळेच्या गाडीजवळ आईच्या खांद्यावर डोकं घासत रडत असतं. त्याला भेळ नको, फुगा नको, पाणी पण नको. आजूबाजूचे म्हणतात, हट्टी आहे, नजर लागली असेल, आईने लाडावून ठेवलंय. बऱ्याच वेळा कारण साधं असतं. पोर दुपारी झोपलेलं नसतं, नाहीतर नको त्या वेळी दहा मिनिटं झोपून उठलेलं असतं.

एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या घरात हा प्रश्न रोजचा आहे, पण मे महिन्यात, लग्नसराईत आणि गणपतीत तो फार वाढतो. मुंबईचे चाकरमानी येतात, एका दिवसात तीन घरी जायचं ठरतं, आणि पोराच्या झोपेचं कोणी विचारत नाही. रडायला लागलं की बोलणी मात्र आईलाच. म्हणून दुपारच्या झोपेचं गणित सगळ्या घराला माहीत असलेलं बरं.

माणूस जागा असतो तोवर मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं जास्त, तितकी झोपेची ओढ जास्त. झोपलं की ते कमी होतं. मोठी माणसं दिवसभर हा भार पेलतात, लहान मुलाला तेवढं जमत नाही. वर्षाचं मूल तीन-चार तासांत पेंगायला लागतं, दीड-दोन वर्षांचं साधारण पाच-सहा तासांत. म्हणजे सकाळी सातला उठलेलं दोन वर्षांचं मूल साडेबारा ते एकच्या दरम्यान झोपेला येणार. नेमका तोच मुहूर्ताचा, आरतीचा नाहीतर पंगतीचा वेळ.

ही वेळ टळली की गंमत होते. पोर पेंगायचं सोडून उधळतं. धावतं, ओरडतं, उगाच हसतं. घरातले म्हणतात, बघ, ताजंतवानं आहे, झोप नकोच त्याला. खरं म्हणजे ते थकव्याच्या पलीकडे गेलेलं असतं आणि शरीर त्याला जबरदस्तीने जागं ठेवत असतं. अर्ध्या-पाऊण तासाने तेच मूल जमिनीवर लोळण घेतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी अडीच ते तीन वर्षांच्या मुलांची दुपारची झोप मुद्दाम एक दिवस चुकवून पाहिली होती. २०१२ मध्ये तो अभ्यास छापून आला. मुलं मोजकीच होती, पण झोप चुकल्यावर सोपं कोडं सुटल्याचा आनंद त्यांना कमी झाला आणि न सुटणाऱ्या कोड्यावर चिडचिड जास्त झाली. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे अभ्यासाशिवाय माहीत आहे म्हणा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं : एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे. दुपारची कमी झाली तर रात्री भरून निघेल असा हिशेब पुष्कळ जण करतात, पण तो कागदावरच बरोबर येतो. होतं असं की चुकलेलं मूल पाचला झोपतं, साडेसहाला उठतं आणि रात्री साडेअकरापर्यंत घर जागवतं. ज्या घरातली बाई पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीला जाते, तिने मग झोपायचं कधी?

लग्नघरी

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर दोनच मार्ग. एक, त्या दिवशी पोराला सकाळी लवकर उठवायचं, अकराच्या आत जेवण भरवून झोपवायचं आणि उठल्यावर थेट कार्यालयात जायचं. अक्षता चुकल्या तरी पंगत मिळते. दुसरा, कार्यालयात पोचल्या पोचल्या आधी वरची एखादी खोली बघून ठेवायची. पंखा चालतो का, दार लागतं का, एवढं बघायचं. घरची गोधडी नाहीतर रोजची चादर सोबत न्यायची. मुलाला जागा नवीन चालते, वास ओळखीचा लागतो. लोकांच्या बोलण्याच्या एकसारख्या आवाजात मूल झोपतं, अचानक सुरू झालेल्या बँडने मात्र दचकून उठतं, म्हणून खोली बँडच्या विरुद्ध बाजूची घ्यावी. आई, बाबा आणि आत्या यांनी आळीपाळीने खोलीत बसावं. एकटी आईच तासभर वर बसली तर तिचं लग्न तिथेच संपलं. इथे बापाने उठायला हरकत नाही, पंगतीत वाढायला माणसं पुष्कळ असतात.

पाहुणे घरी आले की उलटा त्रास. मूल झोपलेलं असतं आणि कोणीतरी म्हणतं, ‘उठव गो जरा, बघू दे आम्हाला, परत कधी येणार?’ सुनेला नाही म्हणता येत नाही. हे काम सासूने करावं. ‘चारपर्यंत बसा, चहा घ्या, उठलं की खेळेल तुमच्याकडे’, एवढं सासूच्या तोंडून गेलं की कोणाला वाईट वाटत नाही. सुनेने तेच म्हटलं तर गावभर होतं.

गाडीतली डुलकी

मांडवीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळे साधारण २५ किलोमीटर. दुपारी बाराला निघालं तर समुद्राच्या वाऱ्याने पोर आरे-वारेच्या आसपास झोपणार आणि गणपतीपुळ्याला पोचल्यावर लगेच उठवावं लागणार. ही पंधरा मिनिटांची डुलकी सगळ्यात वाईट. झोपेची ओढ थोडी उतरते, त्यामुळे पुन्हा झोपत नाही, आणि थकवा तसाच राहतो. त्यापेक्षा सकाळी आठला निघून दर्शन घेऊन बाराच्या आत घरी यावं, नाहीतर दुपारची झोप झाल्यावर साडेतीन-चारला निघावं. लांबचा प्रवास असेल तर मात्र झोपेच्या वेळीच निघणं सोयीचं, एसटीत मांडीवर दीड तास सलग झोप होते. मुंबईहून सकाळी सुटणारी मांडवी एक्सप्रेस (हिचं नाव गोव्याच्या मांडवी नदीवरून, आपल्या मांडवीवरून नाही) दुपारी रत्नागिरीला येते. पोर नेमकं उतरायच्या आधी झोपतं. अशा वेळी स्टेशनवर नातेवाइकांची भेटगाठ लांबवू नये, सरळ घर गाठावं. झोपलेल्या मुलाला बंद गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कोणी दुकानात जाऊ नये. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान बघता बघता चढतं.

मोटारसायकलचं वेगळं सांगायला हवं. पुढे टाकीवर बसवलेलं मूल पेंगतं, मान हँडलवर येते, आणि चालवणारा एका हाताने त्याला धरतो. हे आपल्या रस्त्यांवर रोज दिसतं. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ ला काढलेल्या नियमाप्रमाणे नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागतं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. नियम २०२३ पासून लागू आहे. पट्टा नसेल तर झोपेच्या वेळेला दुचाकीवर मूल नेऊच नये.

प्रवासात गप्प झोपावं म्हणून सर्दीचं औषध चमचाभर पाजणारी घरंही आहेत. हे धोक्याचं आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. खोड जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत पाळीला जाणाऱ्या बाया बाळाला अफूची बाळागोळी देऊन झोपवून जायच्या, आणि त्या गिरणगावात रत्नागिरीची माणसं भरपूर होती. त्यांच्यापुढे इलाज नव्हता. आज तशी वेळ नाही.

समुद्रावर कधी न्यावं

मे महिन्यात मांडवीला सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, डिसेंबरात सहाच्या थोडा पुढे. तीनच्या आसपास उठलेलं मूल साडेपाचला खाऊन-पिऊन वाळूत खुशीत खेळतं. दुपारची झोप चारच्या पुढे लांबू देऊ नये, हळू हाक मारून उठवावं. आठवड्यातले पाच दिवस झोपेची वेळ सारखी राहिली तर एखादा दिवस मोडला तरी चालतो. शिमग्यात भैरीची पालखी रात्री येते तेव्हा कोणाचं मूल वेळेवर झोपतं? दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेच्या फार पुढे झोपू द्यायचं नाही, आणि दुपारी अर्धा-पाऊण तास आधी आडवं करायचं. दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बाप घरी असतो, पोराला खेळवायची हौस दुपारीच येते. तेवढी संध्याकाळवर ढकलावी.

साधारण दीड वर्षाच्या आसपास दोन झोपांची एक होते, आणि तीन ते पाच वर्षांत ती एकही सुटते. एखादं मूल अंगणवाडीत जायला लागलं तरी घरी येऊन झोपतं, एखादं अडीचलाच सोडतं. दुपारी झोपलं नाही तरी संध्याकाळपर्यंत हसतंखेळतं असेल तर जबरदस्ती करू नये. रोज रात्री मोठ्याने घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर मरगळलेलं असेल, तर आशाताईला सांगून डॉक्टरांना दाखवावं.