इडलीचं पीठ रात्रीत दुप्पट कसं होतं? गणिताला विचारा!

बंगळुरूत राहता? मग हा अनुभव तुम्हालाही असेल. एप्रिलमध्ये रात्री भिजवलेलं इडलीचं पीठ सकाळी पातेल्याबाहेर येतं आणि डिसेंबरात, पारा १५-१६ अंशांवर उतरला की, तेच पीठ हलायचं नाव घेत नाही. डाळ-तांदूळ तेच, हातही तोच. मग बदललं काय? तर जीवाणूंचा दुपटीचा काळ!

दुपटीचा हिशेब

पीठ फुगवण्यात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाच्या जीवाणूचा मोठा वाटा असतो. एका जीवाणूचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. गणितात याला घातांकी वाढ म्हणतात. सूत्र सोपं आहे: सुरुवातीच्या संख्येला, जितक्या वेळा दुप्पट होईल तितक्या वेळा २ ने गुणा.

समजा, १० जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. तासाभरात ८०, दोन तासांत ६४०, चार तासांत ४०,९६० आणि सहा तासांत तब्बल २६ लाखांहून जास्त! आता थंडीमुळे दुपटीला २० ऐवजी ३० मिनिटं लागली, तर? सहा तासांनंतर फक्त ४०,९६०. फरक दहाच मिनिटांचा, पण परिणाम बघा!

मग ही वाढ थांबते कुठे?

पातेल्यातलं अन्न संपत येतं, आम्ल वाढतं आणि वेग मंदावतो. आलेख इंग्रजी 'एस' अक्षरासारखा दिसतो: आधी सपाट, मग चढ, मग पुन्हा सपाट. असं समीकरण बेल्जियमच्या व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये माणसांच्या लोकसंख्येसाठी मांडलं होतं. तेच आज जीवाणूंनाही लावतात.

डब्यातल्या भाताचं काय?

पिठातले जीवाणू आपले मित्र, पण सगळेच तसे नसतात. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू भात शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की दुपटीचा खेळ सुरू होतो. 'खाताना गरम करू की!' असं म्हणू नका. जीवाणू मरतील, पण त्यांनी तयार केलेलं एक विष गरम करूनही जात नाही. उलट्या होतात त्या यामुळेच.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

- उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.
- मोठं पातेलं तसंच ठेवू नका, पसरट डब्यांत काढा. भात लवकर गार होतो.
- फ्रीज जीवाणूंना मारत नाही, फक्त दुपटीचा काळ लांबवतो. त्यामुळे 'फ्रीजमध्येच तर होता' म्हणून चार-पाच दिवसांचा भात खाऊ नका.

आज रात्री पीठ भिजवलंत, तर मुलांना पातेल्याबाहेर पिठाच्या पातळीवर एक खूण करायला सांगा. दर दोन तासांनी नवी खूण आणि शेजारी वेळ. मुलं झोपली की पुढची खूण सकाळी उठल्या उठल्या. पीठ कधी वेगाने चढलं, कधी थांबलं, हे त्यांना स्वतःच दिसेल. गणिताचा तास संपला की नाश्त्याला गरमागरम इडली आहेच!