साधं टाकू की पावर?

पंपावर गेलं की पोरगा विचारतो, “ताई, साधं टाकू की पावर?” पावर म्हटलं की वाटतं, गाडीला ताकद येईल, ॲव्हरेज वाढेल. गटाची भाजीची गाडी पेट्रोलवर चालत असेल, तर लिटरमागचे जादा पैसे गटाच्याच वहीत खर्चाला पडतात. म्हणून आज आपण ऑक्टेनच्या आकड्याबद्दल बोलू.

सायकलमध्ये हवा भरताना पंप खालून गरम लागतो ना? हवा दाबली की तापते. इंजिनातही पिस्टन पेट्रोल आणि हवा दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. पण ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल उष्णतेनं आपोआप भडकलं, तर आतून टकटक आवाज येतो. चढावर भरलेल्या गाडीत तो जास्त ऐकू येतो. असं बरेच दिवस चाललं तर पिस्टन खराब होतो.

असं आपोआप भडकण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. मोजपट्टीवर आयसोऑक्टेन १०० ला, हेप्टेन ० ला. ९१ चं पेट्रोल म्हणजे ९१ भाग पहिलं आणि ९ भाग दुसरं मिसळल्यावर जसं वागेल, तसं वागणारं.

म्हणजे हा आकडा ताकदीचा नव्हेच! आपल्या उसापासून होणारं इथेनॉल बघा. त्याचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागे ऊर्जा जवळपास एक तृतीयांश कमी.

मग कुठलं भरायचं? गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, बऱ्याचदा टाकीच्या झाकणाआडही. तिथे ९१ लिहिलं असेल तर ९५ किंवा १०० चं भरून आमच्या मते पैसेच जातात. ९५ लिहिलं असेल तर मात्र काटकसर नको. डिझेलच्या गाडीला यातलं काही लागू नाही; तिथे सिटेन नावाचा वेगळाच आकडा असतो.

योग्य पेट्रोल भरूनही टकटक येत असेल तर मेकॅनिकला दाखवा. भेसळीचाही संशय घ्यावा, कारण रॉकेल मिसळलं की ऑक्टेन घसरतं. पंपावर फिल्टर पेपर मागा, तो फुकट द्यावा लागतो. नोझलचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत थेंब उडून जायला हवा. गडद डाग राहिला तर तक्रार वही मागून घ्या, आणि पावती जपून ठेवा.