अनवाणी तळवा आणि हिरडा

जुन्या काळी खेड्यात वहाणा निघायच्या त्या बाजाराला नाहीतर लग्नकार्याला. एरवी ढेकळांत, पांदीत पाय अनवाणीच. अशा तळव्याला घट्टे पडतात, पण तो बधिर होत नाही. केनियातल्या माणसांचे तळवे तपासून 2019 साली ‘नेचर’मध्ये छापलेल्या अभ्यासात जाड घट्ट्यांखालीही स्पर्शज्ञान शाबूत आढळलं. बाभळीचा काटा मात्र घट्ट्यालाही जुमानत नाही!

म्हणून वहाण. तिचं कातडं कमवायला टॅनिन लागतं, आणि ते मंचरच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात झाडालाच लागतं: हिरडा. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो. पक्व हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंना जखडून ठेवतं, त्यामुळे कातडं सहजी कुजत नाही. तरी नवी वहाण चावतेच. तिला आधी तेल पाजावं लागतं.