ग्रंथपाल आणि संगणक

हवी ती माहिती हातांतल्या फोनवर क्षणांत मिळत असतां ग्रंथपालाची आतां गरज ती काय, असा प्रश्न हल्लीं वारंवार ऐकूं येतो. वरवर पाहतां तो रास्त वाटतो. पण संगणकास पुस्तक सांपडतें तें कसें, हें थोडें खोलांत जाऊन पाहिलें म्हणजे उत्तर निराळें येतें. तेंच विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुन्या ग्रंथालयांत लहान लहान खणांचें एक लांकडी कपाट असे. त्यांत प्रत्येक पुस्तकाचीं बहुधा तीन कार्डें वर्णानुक्रमानें लाविलेलीं असत : एक ग्रंथकाराच्या नांवाचें, एक पुस्तकाच्या नांवाचें व एक विषयाचें. याशिवाय केवळ वाट दाखविणारीं कार्डें असत, तीं निराळींच. ‘गोविंदाग्रज’ या नांवाखालीं शोधणाऱ्यास ‘राम गणेश गडकरी पाहा’ असें सांगणारें कार्ड लागे; ‘बालकवि’ शोधणाऱ्यास त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा पत्ता मिळे. असें कार्ड नसेल, तर पुस्तक फळीवर असूनहि वाचकाच्या दृष्टीनें तें हरवलेंच म्हणावयाचें.

हीं कार्डें दीर्घायुषी ठरलीं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें इ. स. १९०१ मध्यें छापील कार्डें इतर ग्रंथालयांस पुरविण्यास आरंभ केला, आणि त्याच देशांतील ओ. सी. एल. सी. या सहकारी संस्थेनें आपलें शेवटचें कार्ड इ. स. २०१५ मध्यें छापलें. मधल्या काळांत तीं यंत्रांत कशीं गेलीं? इ. स. १९६० नंतरच्या दशकांत लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें हेन्रिएट अव्हराम या बाईंनीं हें काम हातीं घेतलें. त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हत्या. संगणकाच्या आज्ञा लिहिणें हा त्यांचा व्यवसाय होता. कार्डावरील ‘पुणें’ हें छापखान्याचें गांव कीं पुस्तकाच्या नांवांतला शब्द, हें माणसास पाहतांच समजतें. यंत्रास समजत नाहीं. म्हणून त्यांच्या ‘मार्क’ नांवाच्या पद्धतींत नोंदीच्या प्रत्येक भागास अंक दिला गेला : ग्रंथकार १००, पुस्तकाचें नांव २४५, विषय ६५०. यामुळें ग्रंथपालाचें काम संपलें नाहीं, तें अधिक काटेकोर झालें. कार्डावरील चूक एका कपाटांत राहत असे. आतां एकानें केलेली नोंद जाळ्यांतून अनेक ग्रंथालयें उचलतात आणि चूकहि तिच्याबरोबर गांवोगांव जाते.

नव्या साधनांपुढें ग्रंथपालांनीं हातपाय गाळले नाहींत, याचें एक सुंदर उदाहरण न्यूझीलंडमध्यें घडलें. होरोव्हेनुआ भागांतील सार्वजनिक ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली इ. स. २००० साल उजाडतांच बंद पडण्याची भीति होती, आणि विकतची नवी प्रणाली तेथें परवडण्याजोगी नव्हती. तेव्हां ग्रंथपालांनीं आपल्या रोजच्या गरजा संगणकतज्ज्ञांस समजावून सांगून नवी प्रणाली करवून घेतली, आणि जानेवारी २००० मध्यें ती सुरू झाल्यावर सर्व जगास मोफत देऊन टाकिली. तिचें नांव ‘कोहा’. माओरी भाषेंत याचा अर्थ भेट. आज भारतांतहि अनेक ग्रंथालयें ती वापरतात.

आमच्या भाषेपुरतें पाहिलें, तर काम अजून पुष्कळ उरलें आहे. जुन्या मराठी पुस्तकाचें पान यंत्रानें टिपलें, म्हणजे तें वाचलें गेलें असें नव्हे. संगणकाच्या लेखीं तें केवळ एक चित्र होय. त्यांतील अक्षरें ओळखविणारी विद्या आहे, पण पुसट छपाई व जुने जोडाक्षरांचे खिळे यांपुढें ती अडखळते. तेथें जाणत्या माणसानें तपासलें नाहीं, तर पुस्तक जाळ्यावर असूनहि शोधणाऱ्यास मिळत नाहीं. शंभरांतील एक मेंढरूं हरवलें असतां त्याच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टांत आपण जाणतांच. ग्रंथपालाचें काम त्याच जातीचें आहे.

शिवाय एक नवा धोका उत्पन्न झाला आहे. प्रश्नांचीं उत्तरें लिहून देणारीं आजचीं यंत्रें कधींकधीं कधींच न लिहिलेल्या पुस्तकांचीं नांवें मोठ्या आत्मविश्वासानें सांगतात. असें पुस्तक मागावयास वाचक आला, म्हणजे तें मुळांत आहे कीं नाहीं याची शहानिशा करणें व खरा ग्रंथ त्याच्या हातीं देणें, हेंहि आतां ग्रंथपालाकडे आलें आहे.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजांत गणित शिकलेले व पुढें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले रंगनाथन यांनीं इ. स. १९३१ मध्यें ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम प्रसिद्ध केले. वाचकाचा वेळ वाचवावा, हा त्यांपैकीं चौथा. ग्रंथालय हा वाढता जीव आहे, हा पांचवा. संगणकाचा मागमूसहि नसतां सांगितलेले हे नियम आज तंतोतंत लागू पडतात, कारण ते कपाटाविषयीं नसून वाचकाविषयीं आहेत.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, फोनवर अवश्य शोधा. पण सांपडलेलें उत्तर कोणीं, केव्हां व कशाच्या आधारें लिहिलें, हें विचारण्याची संवय लावून घ्या, आणि अडेल तेथें ग्रंथपालांस विचारण्यास लाजूं नका. पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलास फोन घेऊन देतां त्याच हातीं त्यास ग्रंथालयाची वाटहि दाखवावी.