परदेशी सून, परदेशी जावई आणि भारताचे नागरिकत्व

लग्नाला सात वर्षे झाली की परदेशी सुनेला भारताचे नागरिकत्व मिळते, असे पुष्कळ घरांत धरून चालतात. कायद्यात सात वर्षे आहेत हे खरे. पण ती लग्नाची नव्हेत, भारतातल्या मुक्कामाची आहेत. समजा, आईवडील खडकवासल्याला आहेत, मुलगा दुबईत नोकरीला आहे आणि सून फिलिपिन्सची आहे. दरवर्षी तीन आठवडे ती दोघे घरी येतात. अशा घरात लग्नाचा दहावा वाढदिवस साजरा झाला, तरी नागरिकत्वाच्या हिशेबात सुनेच्या खात्यावर एक वर्षसुद्धा जमा झालेले नसते. हे उशिरा कळले की मनस्ताप होतो आणि हातची वर्षे परत येत नाहीत.

कायदा काय म्हणतो

नागरिकत्व कायदा १९५५ चा. लग्नाच्या नात्याने नागरिकत्व मागण्याची वाट त्याच्या कलम ५(१)(सी) मध्ये आहे. याला नोंदणीने मिळणारे नागरिकत्व म्हणतात. सुरुवातीला हे कलम फक्त स्त्रियांसाठी होते आणि त्यात मुक्कामाची अट नव्हती. १९८६ च्या दुरुस्तीने परदेशी जावयालाही दार उघडले, पण त्याबरोबर पाच वर्षे भारतात राहण्याची अट आली. २००३ च्या दुरुस्तीने पाचाची सात वर्षे केली आणि हा बदल ३ डिसेंबर २००४ पासून लागू झाला.

त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. आधीच्या शब्दांत भारतीय नागरिकाशी लग्न ‘झालेली किंवा पूर्वी झालेली’ व्यक्ती बसत होती. आताच्या शब्दांत अर्ज करताना लग्न अस्तित्वात असावे लागते. म्हणजे सहा वर्षे इथे संसार केलेल्या परदेशी सुनेचा नवरा अकाली गेला, तर हे कलम तिच्या उपयोगाचे राहत नाही. तिला देशीयकरणाची लांबची वाट धरावी लागते. तिथे अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्यामागच्या १४ वर्षांतली ११ वर्षे भारतात काढलेली असावी लागतात. विधवेवर हा उघड अन्याय आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा, असे मला वाटते.

नऊ वर्षांचा हिशेब

सात वर्षे मोजायची कशी, हे कलमाखालच्या स्पष्टीकरणात दिले आहे. अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने अखंड भारतात. त्यामागच्या आठ वर्षांपैकी एकूण किमान सहा वर्षे भारतात. म्हणजे पाहिली जातात नऊ वर्षे आणि त्यांतली सात इथली हवीत.

तारखा घालून पाहू. एखाद्या सुनेला १ जून २०२६ रोजी अर्ज करायचा आहे. तर १ जून २०२५ ते ३१ मे २०२६ या काळात तिने देश सोडलेला नसावा. १ जून २०१७ ते ३१ मे २०२५ या आठ वर्षांत मात्र ती एकूण दोन वर्षे बाहेर राहिलेली चालते. माहेरी बाळंतपणाला गेली, वडिलांच्या आजारपणात चार महिने तिकडे थांबली, तरी हरकत नाही. अडचण येते ती शेवटच्या बारा महिन्यांत. त्यातही सवलत आहे. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकते आणि हे दिवस तुकड्यातुकड्यांनी आलेले चालतात. मात्र ही सूट हक्काने मागता येत नाही. सरकारला कारण पटले पाहिजे आणि ते लेखी नोंदवले गेले पाहिजे.

म्हणून एक साधी वही घालावी. देशाबाहेर गेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, विमानतळ आणि पासपोर्टच्या कोणत्या पानावर शिक्का आहे, एवढे प्रत्येक प्रवासाला लिहावे. पासपोर्टची मुदत संपून नवा घेताना जुना परत मागून घ्यावा, निदान त्याच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवावी. आठ-नऊ वर्षांचा मुक्काम सिद्ध करायची वेळ येते, तेव्हा हे शिक्केच कामी येतात.

व्हिसात खंड पडू देऊ नका

कलम ५ ची पहिलीच अट अशी की अर्जदार बेकायदा स्थलांतरित नसावा. वैध कागदपत्रांशिवाय आलेला तर बेकायदा ठरतोच. पण वैध व्हिसावर येऊन मुदत उलटल्यावर राहिलेलाही त्याच व्याख्येत येतो. भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला ‘एक्स’ प्रकारचा प्रवेश व्हिसा मिळतो. त्याची मुदतवाढ आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणी आता ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवरून होते. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीच्या जुन्या कायद्यांची जागा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ ने घेतली आहे.

लग्नाच्या नोंदीतही अशीच काळजी घ्यावी. कार्यालयात थाटात लागलेल्या लग्नाचे फोटो पुरावा म्हणून पुरत नाहीत, नोंदणी प्रमाणपत्रच लागते. विशेष विवाह कायद्याखाली पुण्यात लग्न करायचे तर दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात ३० दिवस मुक्काम झालेला हवा आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. सुट्टीवर आलेल्या मुलाच्या रजेत हे बसत नाही. तशा वेळी तिकडच्या भारतीय वकिलातीत परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली लग्न करण्याची सोय विचारून पाहावी.

परदेशातच राहायचे असेल तर

ज्यांचा संसार सीमेपलीकडेच आहे, त्यांना ५(१)(सी) ची वाट जवळजवळ बंद आहे. त्यांच्यासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. भारतीय नागरिकाशी किंवा ओसीआय कार्डधारकाशी झालेले, नोंदवलेले आणि सलग दोन वर्षे टिकलेले लग्न असेल, तर परदेशी जोडीदाराला हे कार्ड मागता येते. अर्ज तिकडच्या भारतीय दूतावासातूनही करता येतो. मूळ पासपोर्ट सोडावा लागत नाही आणि कार्ड मिळाल्यावर भारतात कितीही राहता येते.

आणि इथेच सीमेपलीकडच्या जोडप्यांच्या खऱ्या उपयोगाची तरतूद आहे. कलम ५(१)(जी) नुसार ओसीआय कार्ड पाच वर्षे असेल आणि अर्जाआधीचे १२ महिने भारतात मुक्काम झालेला असेल, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. म्हणजे दुबईतल्या त्या जोडप्याने लग्नानंतर दोन वर्षांनी कार्ड घेतले, पाच वर्षे तिथेच काढली आणि मग एक वर्ष खडकवासल्याला येऊन राहिले, तरी सून अर्जाला पात्र ठरते. सात वर्षे भारतात काढण्याऐवजी एक. ज्यांना म्हातारपणी गावी परतायचे आहे त्यांनी कार्ड लवकर घ्यावे, ते यासाठी.

कार्डाच्या मर्यादाही माहीत हव्यात. मतदान नाही, सरकारी नोकरी साधारणपणे नाही, घटनात्मक पद नाही. शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. गोऱ्हे, डोणजे, खानापूर या बाजूला धरणाकाठी जागा घ्यायचा विचार करणाऱ्या घरांनी हे नीट लक्षात ठेवावे: परदेशी सुनेचे नाव खरेदीखतात घालून सातबाऱ्यावर आणता येणार नाही. शिवाय जोडीदार म्हणून मिळालेले कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकते.

पाकिस्तान आणि बांगलादेश

या दोन देशांचे नागरिक असलेल्या किंवा कधी काळी असलेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड मिळत नाही. आईवडील, आजीआजोबा किंवा पणजोबा-पणजी तिथले नागरिक असले तरी नाही. त्यामुळे तिथून आलेल्या सुनेपुढे दीर्घ मुदतीचा व्हिसा घ्यायचा, तो वेळेवर वाढवत राहायचे आणि सात वर्षांनी ५(१)(सी) खाली अर्ज करायचा, हाच मार्ग उरतो. पुण्याला हा विषय परका नाही. पिंपरीत फाळणीनंतर वसलेल्या सिंधी कुटुंबांचे नातेसंबंध सीमेपलीकडे आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार सोपवले, त्यांत पुण्याचे जिल्हाधिकारी होते. हे अधिकार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांपुरते होते. बाकीच्यांच्या अर्जावर निर्णय दिल्लीतच होतो.

सीमा किती अचानक बंद होते, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला. पुढच्या काही दिवसांत अटारीची तपासणी चौकी बंद झाली आणि पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले; दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले गेले. पाकिस्तानात लग्न करून गेलेल्या, पण पासपोर्ट भारताचाच असलेल्या काही स्त्रिया तेव्हा माहेरी आल्या होत्या. भारतीय पासपोर्ट असल्यामुळे त्यांना अटारीवर अडवले गेले. मुलांकडे पाकिस्तानचे पासपोर्ट, आईकडे भारताचा. आई एकीकडे आणि लेकरे दुसरीकडे, अशी वेळ त्या फाटकावर आली. ज्या दोन देशांचे संबंध असे आहेत, तिथल्या जोडप्यांनी कागद पुढच्या वर्षावर ढकलू नयेत.

आपल्या मुलीने परदेशी नागरिकत्व घेतले तर

परदेशी माणसाशी लग्न केल्याने भारतीय मुलीचे नागरिकत्व जात नाही. ते जाते तिने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की, आणि कलम ९ नुसार ते आपोआप जाते. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट वापरणे गुन्हा ठरतो. तो जमा करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घ्यायला तिथे राहावेच लागते असे नाही; काही देशांत बाहेर राहूनही लग्नाच्या नात्याने अर्ज करता येतो. इटलीत परदेशात राहणाऱ्या जोडीदाराला तीन वर्षांनी, मूल असेल तर त्याच्या निम्म्या काळात अर्ज करता येतो; इटालियन भाषेची परीक्षा मात्र द्यावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षे लग्न झालेले हवे आणि त्या देशाशी घट्ट संबंध दाखवावे लागतात. अमेरिकेत सरकारी कामावर किंवा परदेश व्यापारातल्या अमेरिकन कंपनीने बाहेर पाठवलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्ड असल्यास मुक्कामाची अट माफ आहे.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिक म्हणून नोंदवते. अशा व्यक्तीशी लग्नाला तीन वर्षे झाली की जोडीदारालाही पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, आणि त्यासाठी मडगाव सोडून जावे लागत नाही. युरोपात नोकरीची वाट मोकळी होते, म्हणून घरेच्या घरे हा अर्ज करतात. पण ते नागरिकत्व मिळाल्यावर भारतातले मतदान, भारतीय पासपोर्ट, सरकारी नोकरी, सगळे सुटते. काही घरांना हे नंतर कळते.

केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर

खडकवासल्यात हा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण इथे केंद्राच्या संस्था आहेत. सीडब्ल्यूपीआरएस ही १९१६ ची जलसंशोधन संस्था आहे, शेजारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, गिरीनगरला संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था आहे. केंद्रीय नागरी सेवा आचरण नियमांतला नियम २१ सांगतो की कर्मचाऱ्याने परदेशी नागरिकाशी लग्न केले, तर ते ताबडतोब सरकारला कळवले पाहिजे. सैन्यदलातील अधिकाऱ्याला तर लग्नाआधी परवानगी लागते. हे कागद सुनेच्या नागरिकत्वाच्या अर्जाआधीचे आहेत आणि ते राहून गेले तर नोकरीवर बेतू शकते.

अर्ज, आणि त्यानंतर

५(१)(सी) चा अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर नमुना तीनमध्ये भरायचा असतो. खडकवासल्यात राहणाऱ्यांची कागदपत्रे पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून पुढे राज्य सरकारकडे आणि दिल्लीला जातात. परदेशी पासपोर्ट, मुक्कामाचा वैध परवाना, जोडीदार भारतीय असल्याचा पुरावा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, स्वतःचे प्रतिज्ञापत्र आणि वर्तणुकीविषयी दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे लागतात. भाषेची अट या वाटेवर नाही. ती देशीयकरणात आहे आणि तिथे आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा, म्हणजे मराठीही चालते. खोटी माहिती दिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मूळ नागरिकत्व सोडण्याची घाई अजिबात करू नये. अर्जाच्या वेळी फक्त हमी द्यायची असते. अर्ज मान्य झाल्याचे पत्र हातात आल्यावरच मूळ देशाला नागरिकत्व सोडल्याचे कळवावे, नाहीतर मधल्या काळात माणूस कोणत्याच देशाचा उरत नाही. शेवटी निष्ठेची शपथ होते आणि प्रमाणपत्र मिळते.

मुलांसाठी निराळा विचार लागतो. जन्म भारतात झाला आणि आईवडिलांपैकी एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर मूल जन्माने भारतीय. जन्म परदेशात झाला तर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करावी आणि त्या बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे.

कलम १४ नुसार सरकार कारण न देताही अर्ज नाकारू शकते. नकार केंद्र सरकारचा असेल तर पुनर्विलोकनाचा आणि खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर पुनरीक्षणाचा अर्ज केंद्राकडे करता येतो. दोन्हींची मुदत आदेशाच्या तारखेपासून ३० दिवस आहे.